'खिडकी राहत होती' : विनोद कुमार शुक्ल आणि आपण नागपूरवाले

जुनालिपिक :
नमस्कार मंडळी. हा धागा खरं तर डिसेंबरातच काढायचा होता, हिंदीतले कवी-कादंबरीकार विनोद कुमार शुक्ल गेले तेव्हा (२३ डिसेंबर २०२५, रायपूर, वय ८८). पण तेव्हा आमच्या ऑफिसात अधिवेशनाच्या फायली निस्तरणं सुरू होतं, आणि दुसरं म्हणजे कोणी गेलं की लगेच दोन ओळी टाकून मोकळं व्हायचं हे मला जमत नाही. आता निवांत लिहितो.

माझी आणि त्यांची ओळख फार उशिरा झाली. वय ४६, ग्रॅज्युएट, सरकारी नोकरी, मराठी कादंबऱ्या बऱ्यापैकी वाचलेल्या, हिंदी मात्र सिनेमापुरती आणि भाजीवाल्यापुरती. एकदा रायपूरहून येताना गाडी चार तास लेट, शेजारच्या पोराकडे 'नौकर की कमीज' होतं ते मागून घेतलं आणि गोंदिया येईपर्यंत त्याला परत दिलंच नाही. बिचारा झोपला होता म्हणून बरं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संतू बाबू नावाचा कारकून आहे, एका डॉक्टरच्या घरात भाड्यानं राहतो, छप्पर गळतं, ते दुरुस्त करून मिळत नाही. ऑफिसातल्या साहेबानं एक कमीज शिवून ठेवली आहे, आदर्श नोकराची. म्हणजे नोकर पाहून कपडा नाही शिवला, कपडा शिवून नोकर शोधून राहिले. आणि एक दिवस ती कमीज आपल्या संतू बाबूला घालतात आणि ती बरोब्बर बसते. बस. एवढंच. मी ज्या टेबलावर २१ वर्षं बसलो आहे तिथं बसून हे वाचलं असतं तर मला वाटते मी रडलो असतो. गाडीत लोक होते म्हणून नाही रडलो.

हे पुस्तक १९७९ चं. मणी कौल यांनी १९९९ ला त्यावर सिनेमाही काढला. पुढं 'खिलेगा तो देखेंगे' (१९९६) आणि मग १९९७ चं 'दीवार में एक खिड़की रहती थी', ज्याला १९९९ चा साहित्य अकादमी मिळाला. २०२३ ला अमेरिकेतला पेन नाबोकोव्ह पुरस्कार, आणि २०२४ चा ज्ञानपीठ, तो २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झाला. छत्तीसगढचा पहिला ज्ञानपीठ. इतकं सगळं होऊन आमच्या सीताबर्डीवर एका मराठी दुकानात विचारलं तर समोरचा म्हणते, शुक्ल म्हणजे स्पर्धा परीक्षावाले का.

तर प्रश्न असा आहे. मी बायकोला 'दीवार में...' वाचून दाखवतो आहे, ती हिंदी वाचत नाही म्हणून तोंडानंच मराठी करत जातो. पहिलाच अडथळा नावात. खिडकी 'थी' नाही, 'रहती थी'. मराठीत काय म्हणाल? 'असायची' म्हटलं की जीव जातो त्याचा. 'राहायची' म्हटलं तर भाडेकरू वाटते. मी न विचारता बोलून गेलो, 'भिंतीत एक खिडकी राहत होती', आणि बायको काहीच बोलली नाही, पुढं वाच म्हणाली. कारण आपण इथं तसंच बोलतो ना. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळून राहिला आहे की हा माणूस हिंदीत लिहित होता की नागपुरीत.

सावजीरस्सा :
मराठीच्या विभागात हिंदी लेखकाचा धागा काऊन बाप्पा? ॲडमिन झोपले का.

जुनालिपिक :
सावजी, पूर्ण वाच ना भाऊ.

सावजीरस्सा :
वाचलं. तो गाडीतल्या पोट्ट्याचं पुस्तक परत दिलं का नाही ते सांग आधी.

जुनालिपिक :
दिलं. गोंदियाला उतरला तो. पण त्याआधी मी कव्हरचा फोटो काढून घेतला.

झिरोमाइल :
सावजींच्या प्रश्नाला गंमतीत घेऊ नका, त्याचं उत्तर इतिहासात आहे आणि मजेदार आहे. शुक्लजी १ जानेवारी १९३७ ला राजनांदगावला जन्मले. राजनांदगाव तेव्हा संस्थान होतं. १९४८ ला विलीन झालं आणि मध्य प्रांत वऱ्हाडात आलं, ज्याची राजधानी आपलं नागपूर. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यं नव्यानं पडली आणि नागपूरची राजधानी गेली. म्हणजे वयाच्या ११ पासून १९ पर्यंत या माणसाच्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यांच्या गावातल्या कापड गिरणीचं नाव काय माहीत आहे? बंगाल नागपूर कॉटन मिल. रेल्वेचं सांगायचं तर राजनांदगावला जाणारा जुना लोहमार्ग नागपूर छत्तीसगढ रेल्वे म्हणूनच सुरू झाला. पुण्यापेक्षा रायपूर आपल्याला निम्म्याहून जवळ आहे, पण आपण सगळे तोंड करून बसलो आहोत पश्चिमेकडे.

आता खरी गोष्ट. गजानन माधव मुक्तिबोध. मराठी घरातला माणूस, हिंदीचा एवढा मोठा कवी. १९४८ च्या सुमाराला नागपूरला आले, दहाएक वर्षं इथं होते, आकाशवाणीत काम केलं, 'नया खून' साप्ताहिकात काम केलं. त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहायचे, 'क्षिप्रा' कादंबरी त्यांचीच, आणि ते नागपुरातच प्राध्यापक. एकाच आईची दोन मुलं, एक हिंदीत मोठा झाला एक मराठीत, आणि दोघं एकाच शहरात. १९५८ ला गजानन मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात शिकवायला गेले, आणि तिथं एक एकवीस वर्षांचा पोरगा त्यांना कविता दाखवायला जाऊ लागला. तो म्हणजे विनोद कुमार शुक्ल. मुक्तिबोधांनीच त्यांच्या कविता श्रीकांत वर्मांच्या 'कृति' मासिकाकडे पाठवल्या. म्हणजे नागपुरातून उठून गेलेल्या माणसानं हा लेखक शोधला. आता सांगा, धागा कुठल्या विभागात टाकायचा?

सावजीरस्सा :
बरं बाप्पा राहू दे इथंच. मले मुक्तिबोधांचं माहीत नव्हतं. शाळेत हिंदीच्या पुस्तकात होते, मले वाटे ते यूपीचे.

कोथरूड_ते_मिहान :
मी मूळची पुण्याची, तीन वर्षं झाली नागपुरात. धागा आवडला पण नावाच्या भाषांतराबद्दल असहमत. 'खिडकी राहत होती' हे मराठी नाही, हिंदीची सावली आहे. मराठीत निर्जीव वस्तू राहत नाही, असते. दुकान असतं, खिडकी असते, माणूस राहतो. लेखकानं हिंदीत 'रहती थी' मुद्दाम वापरलं, खिडकीला माणूस केलं, ती गंमत मराठीत 'राहत होती' नं येते हे मान्य, पण मग ती पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला गंमत म्हणून येईल आणि तुम्हाला रोजचं बोलणं म्हणून येईल. दोन्हीकडे परिणाम वेगळा. तुमच्या बायको काही बोलल्या नाहीत यातच सगळं आलं, त्यांना ते खटकलंच नाही, म्हणजे चमत्कार हरवला.

जुनालिपिक :
ताई, तुमचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला, ऑफिसात एक टिपणीही चुकली त्या नादात. पण मला वाटते उलट आहे. हिंदीतही 'वहाँ एक दुकान रहती थी' असं आमच्याकडचे, रायपूर दुर्गकडचे लोक बोलतातच. म्हणजे तिथल्या वाचकालाही ते आधी रोजचंच वाटत असेल, आणि मग पन्नास पानांनंतर लक्षात येत असेल की अरे, ही खिडकी खरंच राहते आहे इथं, नवरा बायको तिच्यातून पलीकडे उतरतात, तिथं तळं आहे, शेणानं सारवलेली पायवाट आहे, एक म्हातारी आहे जी चहा करून देते. चमत्कार आधी लपवून ठेवलेला आहे रोजच्या क्रियापदात. नावातच 'बघा बघा खिडकी माणूस आहे' असं ओरडलं तर मग काय राहिलं.

आमच्याकडे 'साहेब अकराले ऑफिसात राहते' म्हणतात, याचा अर्थ साहेब तिथं बिछाना टाकून झोपते असा नाही. 'भाजी ताजी राहते', 'त्याच्याजवळ पैसा राहते', 'रस्त्यात एक नाला राहते'. हे सगळं तुम्हाला तीन वर्षांत ऐकू आलं असेलच. चूक म्हणा, बोली म्हणा. मला या पुस्तकामुळे पहिल्यांदा असं वाटलं की या चुकीत आपल्याला काहीतरी फुकट मिळालेलं आहे, जे प्रमाण मराठीकडे नाही.

कोथरूड_ते_मिहान :
'त्याच्याजवळ पैसा राहते' हे ऐकून मी पहिल्या महिन्यात खूप गोंधळले होते हे खरं आहे. विचार करते. हट्ट नाही.

महाराजबाग :
एक कोपरा कोणी घेतला नाही तो घेतो. शुक्लजी हिंदीचे प्राध्यापक नव्हते हो. शेतीचे होते. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून शिकले आणि रायपूरला कृषी महाविद्यालयात शिकवायचे, विषय विस्तार. मी नागपूरच्या कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी, १९९० च्या बॅचचा, म्हणून हे वाचलं तेव्हा उडालोच.

बाहेरच्यांना विस्तार शिक्षण म्हणजे काय कळत नाही. बियाणं, माती, कीड हे सगळे मोठे विषय, विस्तार म्हणजे पोरं झोपायचा तास. पण त्यात शिकवतात काय, तर प्रयोगशाळेतली गोष्ट शेतकऱ्याच्या बांधावर त्याच्या शब्दात कशी सांगायची. आमचे सर म्हणत, तुम्ही बोललेलं वाक्य शेतकऱ्यानं संध्याकाळी बायकोला सांगितलं पाहिजे, आणि सांगताना तुमचं नाव विसरला पाहिजे. आता यांचं गद्य घ्या. एक शब्द अवघड नाही. चौथीतला पोरगा वाचेल. सायकल, हंडा, टेंपो, भात, खाट, एवढ्याच वस्तू. आणि तरी वाक्य संपता संपता काहीतरी वाकडं होऊन जाते, तुम्ही परत वाचता. लोक म्हणतात साधी भाषा. साधी अजिबात नाही, शब्द साधे आहेत, वाक्य नाही. बांधावर उभं राहून बोलणाऱ्याला हे कळते की शब्द त्याचेच ठेवायचे, पण गोष्ट नवीन पोचली पाहिजे. मला तर वाटते ते नोकरीत जे करत होते तेच लिहिताना करत होते. कोणी समीक्षकानं हे लिहिलं असेल नसेल, मी आपलं सांगितलं.

उन्हाळा४७ :
सगळे कौतुक करून राहिले म्हणून मी विरुद्ध लिहितो. 'दीवार में...' मी घेतलं, ७० पानं वाचली, ठेवून दिलं. काही होतच नाही! मास्तर टेंपोची वाट पाहते. मग हत्तीवर बसून कॉलेजात जाते. मग परत येते. बायको भात करते. खिडकीतून जातात, येतात. अरे भांडण नाही, सासू नाही, पैशाची टंचाई आहे पण कोणी त्यावर ओरडत नाही. गरीब नवरा बायको इतके शांत कसे राहू शकतात? मले तर हे खोटं वाटलं. आमच्या चाळीत दोन खोल्यात सहा माणसं होतो, रोज डोकं फुटे.

झिरोमाइल :
उन्हाळा, तक्रार खरी आहे. 'नौकर की कमीज' मध्ये जो राग आहे तो या पुस्तकात नाही, मलाही तो फरक जाणवला. पहिल्यात बायकोला घरमालकिणीच्या कामाला हळूहळू ओढून घेतात, तिथं अंगावर काटा येतो. दुसरं पुस्तक अठरा वर्षांनंतरचं आहे. काही लोक याला जादुई वास्तववाद म्हणतात, मला ते लेबल नको वाटते, लॅटिन अमेरिकेतून कुरिअरनं आल्यासारखं. आमच्या आजीच्या गोष्टीत परसातल्या विहिरीखाली गाव होतं, तिला कोणी लेबल लावलं नाही. मधलं पुस्तक वाच, 'खिलेगा तो देखेंगे', त्यात खेड्यातला मास्तर बायकापोरांसह बंद पडलेल्या पोलीस ठाण्यात राहायला जातो. कैदखान्यात संसार. तिथं हसू येते आणि मग येत नाही.

उन्हाळा४७ :
ठाण्यात संसार हे बरं वाटते ऐकायला. पाहतो. पण ७० पानं ही ७० पानं आहेत, माझी गेली.

पारडीची_पोरगी :
मी इथं फार लिहीत नाही, वाचते फक्त. पण कमीजचं वाचून राहवलं नाही.

माझे बाबा एका सरकारी ऑफिसात शिपाई होते, नाव सांगत नाही, आता रिटायर होऊनही वर्षं झाली. दर दिवाळीले साहेबाची बायको एक पिशवी देत असे. त्यात साहेबाचे जुने शर्ट. चांगले असत, टेरिकॉटचे, फक्त कॉलर घासलेली. आई कॉलर उसवे, उलटी करे आणि परत शिवे, म्हणजे घासलेली बाजू आत आणि कोरी बाजू वर. ज्यांनी हे पाहिलं त्यायले माहीत आहे, नव्या मुलांले सांगितलं तर त्यायले कळतच नाही की कॉलरले दुसरी बाजू राहते. बाबा त्या शर्टात लग्नाले जात, शाळेत माझ्या प्रगती पुस्तकावर सही कराले येत. सगळे म्हणत काय रुबाबदार दिसते.

एका वर्षी साहेब बदलून गेले आणि नवीन साहेब आले, ते जाडजूड होते. त्यांच्याही बायकोनं पिशवी दिली. शर्ट बाबांले दोन माणसं बसतील एवढे. आई म्हणाली बारीक करते. बाबा म्हणाले राहू दे, याइतका मी वाढत नाही आता. आम्ही सगळे खूप हसलो होतो त्या दिवशी. मी सातवीत होते.

मी 'नौकर की कमीज' मागच्या आठवड्यात या धाग्यामुळेच मोबाईलवर वाचली. जुनालिपिक काका म्हणतात की कमीज बरोबर बसते तिथं त्यायले रडू येणार होतं. मले तिथं नाही आलं. मले आलं ते हे आठवून की आधीच्या साहेबाचे शर्ट बाबांले बरोबर बसत आणि आम्हाले त्याचा अभिमान वाटे.

सावजीरस्सा :
ताई, चांगलं लिहिलं. मी काही बोलत नाही यावर.

जुनालिपिक :
पारडीची_पोरगी, तुमची पोस्ट मी बायकोला वाचून दाखवली. माझ्या वडलांचीही कॉलर उलटी केलेली होती, मी विसरलोच होतो. आणि मी ज्या बाजूनं कादंबरी वाचली ती कारकुनाची बाजू, माझ्यावर कमीज घालतील काय ही भीती. तुम्ही घातलेल्या माणसाच्या घरातून वाचली. थांबा, याच्यावर मला परत वाचावं लागेल ते पुस्तक.

झिरोमाइल :
पैशाचा विषय निघालाच आहे तर रॉयल्टीची गोष्ट सांगतो, कारण नोकर आणि मालक तिथंही आहेत. २०२२ ला अभिनेते मानव कौल त्यांना भेटायला गेले आणि नंतर लोकांना कळलं की एवढ्या मोठ्या लेखकाला पुस्तकांचे वर्षाला काही हजारच मिळतात. शुक्लजींनी स्वतःही सांगितलं की मला आपली पुस्तकं परत हवी आहेत, मला फसवल्यासारखं वाटते. मोठा गदारोळ झाला, प्रकाशकांनी आपापले खुलासे दिले, कोण किती खरं त्यात मी जात नाही. पण पुढं काय झालं पाहा. 'दीवार में...' दुसऱ्या, तरुण मंडळींच्या प्रकाशनाकडे गेलं, आणि सप्टेंबर २०२५ ला रायपूरला भर कार्यक्रमात त्यांना सहा महिन्यांच्या रॉयल्टीचा ३० लाखांचा चेक दिला. पुस्तक तेच, २८ वर्षं जुनं. वाचक होतेच म्हणजे.

महाराजबाग :
मराठीत असा चेक कोणाला मिळाल्याचं ऐकलं नाही बाबा. आमच्या ओळखीचे एक लेखक आहेत, त्यांना मानधन म्हणून स्वतःच्याच पुस्तकाच्या २५ प्रती मिळाल्या, त्या आता लग्नाच्या आहेरात वाटून राहिले.

सावजीरस्सा :
आहेरात पुस्तक देणाऱ्याले आम्ही जेवाले बसू देत नाही.

कोथरूड_ते_मिहान :
त्या चेकची बातमी मी पण वाचली होती, तेव्हाच नाव पहिल्यांदा ऐकलं, लाज वाटते सांगायला. असो. काल झाशी राणी चौकात कामासाठी गेले होते. एकाच चौकात विदर्भ साहित्य संघ आणि हिंदीवाल्यांचं मोर भवन, हाकेच्या अंतरावर. तीन वर्षांत मी पहिल्या ठिकाणी दहा वेळा गेले असेन, दुसऱ्यात पाय ठेवला नव्हता. झिरोमाइल यांचं 'तोंड करून बसलो आहोत' आठवलं आणि आत जाऊन आले. विशेष काही नाही, एक कार्यक्रम चालू होता, मागच्या खुर्चीवर बसले, चहा मिळाला.

आणि क्रियापदाबद्दल. मी पहिलं प्रकरण स्वतः मराठीत करून पाहिलं, 'असायची' वापरून. वाचलं तर फोटोतल्या खिडकीचं वर्णन वाटलं. मग सगळीकडे 'राहत होती', 'राहते' घातलं. सुधारलं. पण मग बाकीची वाक्यंही नागपुरी मागायला लागली, आणि ती मला येत नाहीत. म्हणजे हे काम तुमच्यापैकी कोणीतरी करायला पाहिजे. माझ्या नाकावर टिच्चून करा.

जुनालिपिक :
ताई, मी करीन म्हणत नाही, मी कारकून आहे, मला फक्त टिपणी लिहिता येते. परवानगी, हक्क वगैरे भानगडी वेगळ्या. पण घरात तोंडी चालू आहे ते चालू राहील.

पारडीची_पोरगी :
आमच्याकडेही सुरू झालं. आमच्या गल्लीत छत्तीसगढकडचे खूप लोक आहेत, शेजारची अम्मा दुर्गजवळची, तिनं मले दोन शब्दांचे अर्थ सांगितले जे मले लागत नव्हते. मी आईले रोज रात्री दहा पानं सांगते, आपल्या बोलण्यात, बाबा झोपल्यासारखे पडून राहतात पण ऐकतात. काल हत्ती आला. साधू मास्तरले हत्तीवर बसवून कॉलेजात नेते, मग हत्ती दारासमोर बांधलेला राहते, साधू निघून जाते.

आईनं काय विचारलं असेल? खिडकीचं काही नाही विचारलं, ते तिनं मान्यच करून टाकलं. म्हणे, 'साधू गेला तर मंग त्या हत्तीले चारा कोण आणे? मास्तराच्या पगारात?'

उन्हाळा४७ :
काकूंले माझा नमस्कार सांगा. ७० पानं मी हेच विचारत होतो.

पारडीची_पोरगी :
सांगते. बाबा अंधारातून म्हणाले, 'साहेबाच्या बायकोनं दिला असेल पिशवीत.'